तलवारी परत येतील, हात कुठून आणणार?

जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये धातूची एक चकती असते. जपानीत तिला त्सुबा म्हणतात, आपण परज म्हणू. जेमतेम सात-आठ सेंटिमीटर व्यासाची. मधोमध पातं जाण्यापुरती फट, तिच्या बाजूला छोट्या सुरीसाठी भोक, आणि उरलेली सगळी जागा कारागिराची. अशा चकत्यांवर एक चित्र पुन्हा पुन्हा भेटतं. पुढच्या बाजूला शोकी उभा असतो: भरघोस दाढी, वटारलेले डोळे, हातात उपसलेली तलवार. भुताखेतांचा कर्दनकाळ. तो कुणाला तरी शोधतोय. चकती उलटी केली की मागच्या बाजूला अंग चोरून बसलेला ओनी, म्हणजे राक्षस, दिसतो. डोक्यावर शिंगं, कमरेला वाघाचं कातडं, आणि चेहऱ्यावर आपण आता सापडणार अशी भीती. दोघांमध्ये फक्त धातूच्या जाडीएवढं अंतर आहे. पाहणारा चकती फिरवतो तेव्हाच गोष्ट पुढे सरकते. एवढ्याशा जागेत कथा सांगायची आणि ती वाचकाच्या बोटांना फिरवायला लावायची, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला माझा नमस्कार.

या कामात रंग कुठेही लावलेला नसतो. शोकीचा तांबूस चेहरा, काळीभोर दाढी, राखाडी अंगरखा, डोळ्यांतली पिवळी चमक हे सगळं वेगवेगळ्या धातूंचं आहे. तांब्यात शेकडा तीन ते पाच भाग सोनं मिसळलं की शाकुदो होतं. तीन भाग तांब्याला एक भाग चांदी घातली की शिबुइची. या शब्दाचा अर्थच 'चारातला एक'. घडवताना हे मिश्रधातू बेताचेच दिसतात, तांब्याहून फारसे वेगळे नाहीत. सगळं कोरून, जडवून, घासून झालं की ती वस्तू किसलेल्या पांढऱ्या मुळ्यात घोळवतात आणि तांब्याचे क्षार विरघळवलेल्या उकळत्या पाण्यात सोडतात. एकाच भांड्यात, एकाच पाण्यात प्रत्येक धातू आपापला रंग दाखवतो. शाकुदो निळसर काळं होतं. जपानी लोक त्याला भिजलेल्या कावळ्याच्या पिसाची उपमा देतात. शिबुइची पावसाळी ढगासारखं राखाडी होतं. साधं तांबं लालसर होतं. सोनं जसंच्या तसं राहतं. रंगाचा निर्णय मूस भट्टीत ठेवतानाच घ्यावा लागतो आणि तो बरोबर होता की नाही हे सगळ्यात शेवटी कळतं.

शोकीभोवतीची पार्श्वभूमी पाहावी तर तिथे मोहरीहून बारीक दाण्यांच्या सरळ रांगा. या कामाचं नाव नानाको, अर्थ माशाची अंडी. कोकणातल्या वाचकांना गाभोळी म्हटलं की लगेच डोळ्यांपुढे येईल. पोकळ टोकाची छिन्नी घेऊन एकेक दाणा ठोकायचा. हात एकदा हलला की रांग मोडली, आणि मोडलेली रांग झाकता येत नाही. या एका कामात आयुष्य घालवणारे वेगळे कारागीर असत.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण आहे. वारशाबद्दल आपल्याकडे सध्या बरंच बोललं जातं आणि ते बोलणं बहुतेक वेळा वस्तूंवर येऊन थांबतं: कोणती वस्तू कुठल्या परदेशी संग्रहालयात आहे, कधी परत येणार, किती पैशांत. माझं म्हणणं असं की वारसा वस्तूत जेवढा असतो त्याहून जास्त ती करणाऱ्या हातांत असतो, आणि हात टिकवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. शाल-श्रीफळाने ते टिकत नाहीत. जपानच्या या जडावकामाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मला या म्हणण्याचा सगळ्यात सबळ पुरावा वाटतो. त्यात यश आहे तसंच मोठं नुकसानही आहे.

आधी त्या आकृत्यांकडे पाहू, कारण त्या आपल्याला वाटतात तितक्या परक्या नाहीत. जपानी धातुकामात सात भाग्यदेवता वारंवार येतात, कधी एकेकटे, कधी सगळे मिळून एका नावेत बसलेले. त्यांतला दाइकोकु तांदळाच्या पोत्यांवर उभा असतो, हातात सुबत्तेचा हातोडा, पायाशी उंदीर. हा मुळात महाकाल. शिवाचं उग्र रूप बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलं आणि तिथल्या स्वयंपाकघरात हसऱ्या, गुबगुबीत देवाचं झालं. बेन्तेनच्या हातात बिवा नावाचं तंतुवाद्य असतं. ती आपली सरस्वती. चिलखत घातलेला बिशामोन म्हणजे वैश्रवण, कुबेर. सातांपैकी तीन भारतातून गेलेले, तीन चीनमधून आलेले, आणि मासा काखेत मारून हसणारा एबिसु तेवढा अस्सल जपानी. याशिवाय दारुमा, म्हणजे परंपरेनुसार दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेला बोधिधर्म. अर्हतांच्या, म्हणजे बौद्ध सिद्धपुरुषांच्या, आकृत्या. ढगांवर ढोल बडवणारा राइजिन. आणि लोककथांचा तर पूरच: गोजोच्या पुलावर आडदांड बेन्केईला नमवणारा कोवळा उशिवाका, राशोमोन वेशीवर राक्षसाचा हात छाटणारा वातानाबे नो त्सुना. तो राक्षस पुढे त्सुनाच्या म्हाताऱ्या मावशीच्या रूपात येऊन आपला तुटलेला हात परत घेऊन जातो. ही कथा आपल्या आजीने सांगितलेली वाटावी इतकी जवळची आहे.

या कलेचा पाया घातला तो गोतो घराण्याने. युजो (1440–1512) हा त्यांचा मूळपुरुष, आशिकागा शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, चाकरीत. पुढे सतरा पिढ्या या घराण्याने सत्ताधीशांच्या तलवारींना सोन्याचे आणि शाकुदोचे दागिने घातले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योकोया सोमिनने (1670–1733) दरबारी चौकट मोडली. कुंचल्याचा फटकारा वाटावा अशी तिरपी छिन्नी चालवून तो शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी काम करू लागला. व्यापारी पैसेवाले झाले होते. त्यांना लांब तलवार बाळगण्याची मुभा नव्हती, पण तंबाखूच्या बटव्याची कडी होती, चिलीम होती, छोटी कट्यार होती. देव आणि राक्षस दरबारातून बाजारात आले ते तेव्हा. परदेशी गिऱ्हाईक येण्याच्या कितीतरी आधी.

मग आठ वर्षांत सगळं कोसळलं. 1868 मध्ये सत्तांतर होऊन मेइजी काळ सुरू झाला आणि नव्या सरकारने शिंतो देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. त्याचा अर्थ अनेक ठिकाणी बौद्ध मंदिरं फोडणं असा घेतला गेला. शतकानुशतकं एकाच आवारात नांदलेले देव एकमेकांपासून तोडले गेले. मूर्ती जळाल्या, घंटा आणि काशाचे बुद्ध मोडीत गेले. 1871 मध्ये पॅरिसचा धनिक आंरी सेर्नुस्की टोकियोला आला आणि मेगुरोतल्या एका मंदिराची चार मीटरहून उंच अमिदा बुद्धाची काशाची मूर्ती विकत घेऊन गेला. ती आज पॅरिसमध्ये त्याच्या नावाच्या संग्रहालयात बसली आहे. त्याच वर्षी सरंजामी संस्थानं बरखास्त झाली, म्हणजे कारागिरांचे आश्रयदाते गेले. आणि 28 मार्च 1876 ला सैन्य, पोलीस आणि काही ठरावीक समारंभ वगळता तलवार बाळगण्यावरच बंदी आली.

त्सुबा करणाऱ्या माणसाच्या जागी क्षणभर उभं राहून पाहा. वयाच्या बाराव्या वर्षी उमेदवारीला बसलेला, पंचवीस-तीस वर्षं छिन्नी चालवलेला. त्याला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं त्याची गरज एका सकाळी सरकारी हुकमाने संपली आहे. आपल्याकडेही हे घडलं आहे. पंजाबचं राज्य 1849 मध्ये खालसा झाल्यावर सियालकोट आणि पंजाबातल्याच गुजरात गावातले शस्त्रांवर सोनं बसवणारे कारीगर तबकं आणि पेट्या करू लागले. फरक पुढच्या पावलात आहे. आपल्याकडे राज्यकर्ता परका होता आणि त्याला या हातांची कदर असलीच तर ती प्रदर्शनात मांडण्यापुरती. जपानमध्ये मात्र ज्या सरकारने तलवार काढून घेतली, त्याच सरकारला या लोकांची गरज पडली.

कानो नात्सुओचं (1828–1898) उदाहरण घ्या. क्योतोमध्ये घडलेला, एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नाव कमावलेला त्सुबाकार. नव्या सरकारला युरोपी पद्धतीची नाणी पाडायची होती. हाँगकाँगची बंद पडलेली टांकसाळ विकत घेऊन तिची यंत्रं ओसाकाला आणली होती आणि 1871 मध्ये टांकसाळ सुरू झाली. साचे मात्र इंग्लंडमध्ये कोरून घ्यायचा विचार होता. नात्सुओने कोरलेले नमुने टांकसाळीतल्या इंग्रजांनी पाहिले आणि तो विचार सोडून दिला, असं सांगतात. नव्या जपानच्या पहिल्या येनवर वेटोळं घालून बसलेला ड्रॅगन तलवारीच्या परजेवरून उतरून आला आहे. खवल्यांचा तोच बारीकपणा, पंज्यांचा तोच ताण. ज्या माणसाचा धंदा सरकारने बुडवला, त्याच माणसाचं काम सरकारने प्रत्येक नागरिकाच्या खिशात पोचवलं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या क्षणी नात्सुओला मानपत्र मिळालं नाही, निवृत्तिवेतन मिळालं नाही. त्याला एक अवघड, खरं, देशाला हवं असलेलं काम मिळालं. मान नंतर आला: 1890 मध्ये राजघराण्याने नेमलेल्या पहिल्या कलाकारांत त्याचं नाव होतं, आणि त्याच सुमारास टोकियोच्या नव्या कलाशाळेत तो धातुकोरीव शिकवू लागला.

दुसरं काम बाहेरच्या जगाने दिलं. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी वस्तूंवर युरोप लुब्ध झाला. ते पाहून 1874 मध्ये सरकारी पाठबळावर किरित्सु कोशो काइशा ही निर्यात कंपनी उभी राहिली. तिने कारागीर कामाला लावले आणि न्यूयॉर्क-पॅरिसला शाखा काढल्या. क्योतोत कोमाइ ओतोजिरोने (1842–1917) तलवारीचं सामान सोडून लोखंडी पेट्या, तबकं, लहान कपाटं घेतली आणि त्यांवर सोन्या-चांदीची जाळी पसरली. त्याची पद्धत नुनोमे: लोखंडावर छिन्नीने कापडाच्या विणीसारख्या अतिशय बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या, त्या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याचा पत्रा किंवा तार ठेवायची आणि हलक्या हातोडीने दाबत न्यायची. लोखंडाचे सूक्ष्म दात सोनं धरून ठेवतात. उदयपूरची कोफ्तगरी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शोआमि कात्सुयोशी (1832–1908) ओकायामाच्या संस्थानिकांचा चाकर होता. चाकरी गेल्यावर त्याने धूपदाण्या आणि फुलदाण्या घडवल्या. जुन्या मंदिराच्या कौलावर बसलेल्या पारव्याची त्याची एक धूपदाणी आहे. कौल खरंच झिजलेलं वाटतं आणि पारवा खरंच आत्ता उडेल असं वाटतं.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हा सगळा निर्यातीचा माल. परक्या दिवाणखान्यासाठी केलेला, ठासून भरलेला, आत्मा नसलेला. जपानमध्येच हे मत बराच काळ होतं. विसाव्या शतकात यानागी सोएत्सु या विचारवंताने निनावी कारागिराच्या साध्या भांड्याचं सौंदर्य दाखवून दिलं, आणि ते दाखवणं आवश्यकच होतं. पण त्या उजेडात मेइजी काळातलं जडावकाम भपकेबाज ठरलं आणि पडद्याआड गेलं. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: ज्या वर्षांत देशात बुद्धमूर्ती मोडीत निघत होत्या त्याच वर्षांत कारागीर तेच अर्हत आणि तेच देव फुलदाण्यांवर जडवून गोऱ्यांना विकत होते. हा श्रद्धेचा बाजार झाला नाही का?

पहिल्या आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. मागणी वाढली तसा सुमार मालही वाढला. एकाच तबकावर फुजी पर्वत, मंदिर, बांबू, बगळे आणि दोन-चार देव कोंबलेले नमुने मी चित्रांतून पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांतले बरेचसे पाहवत नाहीत. सोमिनच्या छिन्नीत जे मोकळं आकाश होतं ते तिथे नाही. ज्याला त्सुनाची गोष्ट माहीत नाही अशा गिऱ्हाइकासाठी चित्र काढलं की कारागीर सगळंच सांगून टाकतो, लपवायचं काही ठेवत नाही. आणि लपवणं हाच तर त्या चकतीचा प्राण होता. ती किरित्सु कंपनीही 1891 मध्ये गुंडाळली गेली. निर्यातीचा वारा पडला की काय होतं हे तेव्हाच दिसलं.

पण म्हणून ते काम व्हायलाच नको होतं असं म्हणणाऱ्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. 1876 ते 1890 ही चौदा वर्षं त्या लोकांनी काय करायला हवं होतं? चौदा वर्षं छिन्नी खाली ठेवली की ती परत उचलता येत नाही. मिश्रधातूचं प्रमाण वहीत लिहून ठेवता येईल, उकळत्या पाण्यातून वस्तू नेमकी कधी काढायची हे वहीत राहत नाही. ते डोळ्यांत असतं, आणि डोळा दुसऱ्या डोळ्याला शेजारी बसूनच शिकवतो. सुमार तबकांनी चुली पेटत्या ठेवल्या म्हणून त्याच कारखान्यांच्या कोपऱ्यात उत्कृष्ट कामही होत राहिलं. नात्सुओचा शिष्य उन्नो शोमिनने (1844–1915) 1890 च्या राष्ट्रीय प्रदर्शनात रानर्योओची आकृती मांडली: भयंकर मुखवटा चढवून नाचणारा राजा. कथा अशी की त्याचा चेहरा इतका सुंदर होता की सैनिक लढाई सोडून त्याच्याकडेच पाहत राहतील, म्हणून तो मुखवटा घालून रणात उतरे. अंगावरच्या वस्त्राची नक्षी शोमिनने निरनिराळ्या धातूंत जडवली आहे. तलवारीच्या सामानावर वाढलेला हात तलवार नसलेल्या जगात कुठवर जाऊ शकतो हे तिथे दिसतं.

देवांच्या बाजाराबद्दल म्हणाल तर मला हा आक्षेप चुकीच्या दारावर धडकतोय असं वाटतं. दाइकोकु आणि शोकी हे बटव्यांच्या कड्यांवर आणि सुऱ्यांच्या मुठींवर आधीपासूनच होते. पूजेची मूर्ती वेगळी आणि घरादारात, अंगाखांद्यावर वावरणारा देव वेगळा, हे जपानी माणसाला कळत होतं. आपल्यालाही कळतं: देव्हाऱ्यातला टाक आपण सोवळ्यात हाताळतो आणि समईच्या शेंड्यावरचा मोर पोरांनी हलवला तर रागावत नाही. घाव घातला तो मूर्ती मोडीत काढणाऱ्यांनी. ज्याने अर्हताच्या भुवया सोन्याच्या तारेने जडवल्या, त्याने निदान त्या चेहऱ्याची आठवण आपल्या बोटांत जागी ठेवली. सरकारला शहाणपण सुचून जुनी मंदिरं जपण्याचा कायदा आला तो 1897 मध्ये.

आता नुकसानीकडे येतो. मेइजी काळातलं उत्तमातलं उत्तम जडावकाम जपानबाहेर गेलं. लंडनमध्ये, अमेरिकेत, खाजगी संग्रहांत. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मुराता मासायुकी नावाचा एका कंपनीतला वरिष्ठ अधिकारी कामानिमित्त न्यूयॉर्कला गेला असताना जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याने अशी एक जपानी वस्तू पाहिली आणि तो हादरला. आपल्याच देशाचं हे काम आपण कधी पाहिलंच कसं नाही? पुढे त्याने नोकरी सोडली, लिलावांतून आणि दुकानांतून एकेक वस्तू विकत घेत देशात परत आणली आणि 2000 मध्ये क्योतोच्या कियोमिझु मंदिराच्या उतारावर संग्रहालय उघडलं. 2014 मध्ये टोकियोच्या मित्सुई संग्रहालयात त्या संग्रहाचं प्रदर्शन झालं तेव्हा जपानी लोकांनी आपल्याच पणजोबांची कारागिरी नव्याने पाहिली.

या परत आणण्याचं मोल मी कमी करत नाही. पण तिथे आणखी एक गोष्ट घडली जी माझ्या मुद्द्याचा कणा आहे. वस्तू परत आल्या तेव्हा त्या वाचू शकणारे लोक देशात हजर होते. टोकियोची ती कलाशाळा, आजचं कलाविद्यापीठ, धातुकोरीव शिकवायची थांबली नव्हती. नात्सुओच्या शिष्यपरंपरेतले लोक छिन्नी कशी चालली असेल हे सांगू शकत होते. कानाझावाची कागा जडावकामाची परंपरा मोजक्या हातांवर आली होती तरी संपली नव्हती. त्या कामात धातूत चर पाडताना तळ तोंडापेक्षा रुंद ठेवतात, मग त्यात दुसरा धातू ठोकला की तो आतून पसरून अडकतो आणि निघता निघत नाही. मूळ उपयोग घोडेस्वाराच्या रिकिबीसाठी. धक्के सोसावे लागत म्हणून ही युक्ती. या परंपरेतले नाकागावा मामोरु यांना 2004 मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मान्यता मिळाली. त्यांच्या फुलदाण्यांवर शोकी नाही, दारुमा नाही. क्षितिज असतं, पाणी असतं, निव्वळ रंगांचे पट्टे असतात. आकृती बदलली, हात तोच राहिला. कुमामोतोत हिगो जडावकाम आजही चालतं, तिथे लोखंडाला गंज चढवून तो चहाच्या पाण्यात उकळून पक्का करतात. बंदुकीच्या नळ्या सजवणाऱ्याने सुरू केलेली ती परंपरा आज अंगठ्या आणि टायपिना करते.

या 'जिवंत ठेव्या'च्या कायद्यामागे एक आग आहे. 26 जानेवारी 1949 ला होर्युजी मंदिराच्या सुवर्णदालनातली भित्तिचित्रं जळाली. अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांची तुलना अभ्यासक सतत करत आले ती ही चित्रं. एका सकाळी गेली. देश हळहळला आणि 1950 मध्ये सांस्कृतिक ठेव्याचा कायदा झाला. त्यात इमारती आणि वस्तूंच्या बरोबरीने कौशल्य हेही राष्ट्राची मालमत्ता मानलं गेलं. 1954 ची दुरुस्ती आणि 1955 पासून व्यक्तींना मान्यता. अशा प्रत्येक व्यक्तीला वर्षाला 20 लाख येन मिळतात, आणि ते आपलं कौशल्य वाढवण्यासाठी आणि पुढची पिढी तयार करण्यासाठी असतात. मला या व्यवस्थेत दोषही दिसतात. मान्यता येते ती उतारवयात, एकाच्या डोक्यावर मुकुट बसतो तेव्हा शेजारचे दहा जण अंधारात राहतात, आणि तरुण मुलं वर्षानुवर्षं उमेदवारी करायला तयार होत नाहीत. तरी एक तत्त्व त्या कायद्याने मान्य केलं: जळून जाऊ शकणाऱ्या वस्तूइतकीच मरून जाऊ शकणारी माणसंही जपायची असतात.

आता घरी. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. मला आनंद झाला आणि अजूनही आहे. युरोपी बनावटीचं पातं, मराठा घाटाची मूठ, मुठीवर सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी ओळ: श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग. आपल्या वर्तमानपत्रांत त्या ओळीचं वर्णन 'सोन्याच्या पाण्याने लिहिलेली' असं आलं. मला ते वाचून वाईट वाटलं. पोलादावर सोनं बसवण्याची एक अख्खी विद्या आहे, तिला कोफ्तगरी हे नाव आहे. छिन्नी आहे, तार आहे, तासन् तास वाकलेली मान आहे. हे सगळं 'सोन्याचं पाणी' या दोन शब्दांत वाहून गेलं. शब्द गेला की हात गेल्याचंही कुणाला कळत नाही. 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलेली वाघनखं पाहायला साताऱ्याला रांगा लागल्या, त्या लागायलाच हव्यात. पण त्या रांगेतल्या मुलाला कुणी सांगितलं का की पोलाद आणि सोनं असं एकत्र आणणारे लोक आजही या देशात आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक नाही?

हिशेब करून पाहिला. 20 लाख येन म्हणजे आजच्या भावाने साधारण अकरा-बारा लाख रुपये. एका तलवारीच्या किमतीत एका उस्ताद कारागिराला चार वर्षं शिष्यांसह पोसता आलं असतं. तलवार घ्यायला नको होती असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की शासन जेव्हा जेव्हा अशी वस्तू विकत घेईल तेव्हा तेवढीच रक्कम ती विद्या जाणणाऱ्या जिवंत माणसांकडून नवं काम करून घेण्यासाठी बाजूला काढावी. हा नियमच असावा. काम कुठून आणायचं हा प्रश्न मला कुणी विचारू नये. आपल्याकडे वर्षभर किती सत्कार होतात, आणि किती व्यासपीठांवर पाहुण्यांच्या हातात तलवार दिली जाते! पत्र्याची, पॉलिश केलेली, पुढच्या महिन्यात गंजणारी. शासनाने आपल्या समारंभांपुरतं ठरवलं की वर्षाला मोजक्याच तलवारी द्यायच्या, पण प्रत्येकीच्या पात्यावर खरं सोनं खऱ्या हाताने बसवलेलं असेल, तर काही घरांची चूल पेटेल आणि एखाद्या मुलाला बापाशेजारी बसावंसं वाटेल. बिदर तर आपल्या हद्दीला लागूनच आहे. जस्ताच्या भांड्यावर चांदी जडवून किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने ते काळंभोर करणारे तिथले कारीगर जपानी शाकुदो पाहून पटकन मान डोलावतील.

आणि नाव. नात्सुओने आपल्या कामावर नाव कोरलं, शोमिनने कोरलं, कोमाइच्या कारखान्याने चिन्ह ठोकलं. जपानी कारागीर कधी कधी आपलं वयसुद्धा कोरतो: हे मी सत्तराव्या वर्षी केलं. म्हणून आज दीडशे वर्षांनी मी त्यांची नावं घेऊन हा लेख लिहू शकतो. आपल्या तलवारीवर मालकाचं नाव आहे, पदवी आहे, पात्याची जात आहे. ज्याने ती अक्षरं बसवली त्याचं नाव नाही. ते आता सापडायचं नाही. पण संग्रहालयातल्या पाटीवर 'कोफ्तगरीचे काम, कारागीर अज्ञात' एवढं लिहायला काय हरकत आहे?

तशीच एक ओळ आज पोलादावर सोन्यात लिहून हवी असेल तर उदयपूरला जावं लागेल. तिथे सिकलगर कुटुंबं अजून हे काम करतात. पहिलं काम त्यांना द्यावं, दर त्यांना परवडेल असा द्यावा, आणि सोबत चार मराठी मुलं पाच वर्षांसाठी पाठवावीत, राहण्या-जेवणाच्या खर्चासकट. पाचव्या वर्षाच्या अखेरीला जी तलवार होईल तिच्या पाठीवर चौघांची नावं असावीत, देवनागरीत.